हेडफोनमध्ये वाजतं, स्पीकरवर गायब होतं: इलेक्ट्रॉनिक ड्रम किटची दुखणी

पुण्यातल्या धायरीहून एका वडिलांनी प्रश्न पाठवला आहे. मुलगी पंधरा वर्षांची, आधी चार वर्षं तबला शिकली, आता ड्रम्स. तिच्यासाठी जाळीच्या पॅडचं सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक किट घेतलं. हेडफोन लावून वाजवलं की जवळजवळ सगळं छान. सोसायटीच्या गणपतीत तिचा पहिला कार्यक्रम आहे, म्हणून क्लबहाउसच्या मिक्सरला जोडून पाहिलं, तर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) चक्क गायब. टॉम (बाकीचे ड्रम) आणि क्रॅश (मोठी झांज) तेवढे पत्र्याच्या डब्यासारखे ऐकू येतात, आणि मागे सतत घुंऽऽ चालू. शिवाय स्नेअरवर एक काठी मारली की कधी कधी दोन वाजतात, तिसरा टॉम मुका आहे, हाय-हॅट (पायाने उघड-बंद होणारी झांज) पाय दाबूनही बंद होत नाही, आणि लॅपटॉपला जोडलं तर आवाज उशिरा येतो. दुकानदार म्हणाला, मॉड्यूल (सगळे पॅड ज्याला जोडतात तो डबा) गेलं, नवं घ्या. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेलेत.

मॉड्यूल गेलेलं नाही. किट न बघता हे सांगतोय, कारण हेडफोनमध्ये जवळजवळ सगळं छान वाजतं असं तुम्हीच लिहिलंय. मॉड्यूल खरंच गेलं असतं तर हेडफोनमध्येही बोंब असती.

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवत या धंद्यात आलो आणि दुरुस्तीत अडकलो ते अडकलोच. नारायण पेठेतल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत किट घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं किट बिघडलेलं नसतं. वायर चुकलेली असते, सेटिंग चुकलेलं असतं, नाहीतर एखादा टाका निघालेला असतो. पण लोक आधी मॉड्यूलकडे बोट दाखवतात, कारण दिवे आणि डिस्प्ले त्यालाच असतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पॅड आवाज काढत नाही. पॅडच्या पोटात पितळेची पातळ चकती असते, तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर. हा पिझो सेन्सर. काठी पडली की चकती थरथरते आणि क्षणभर थोडी वीज उसळते. ती किती उसळली एवढंच मॉड्यूल मोजतं, त्याला १ ते १२७ मधला एक आकडा देतं, आणि मेमरीतला आवाज तेवढ्या जोराने वाजवतं. म्हणजे वाटेत तीन टप्पे आहेत: पॅडपासून मॉड्यूलपर्यंत, मॉड्यूलच्या आत, आणि मॉड्यूलपासून स्पीकरपर्यंत. हेडफोन थेट मॉड्यूलला लागतो, त्यामुळे तो या वाटेवरचा जकातनाका समजा. हेडफोनमध्ये जे बरोबर आणि स्पीकरवर चूक, ते तिसऱ्या टप्प्यात शोधायचं. हेडफोनमध्येच चूक असेल तर मिक्सरला हातसुद्धा लावायचा नाही. तुमची किक, स्नेअर आणि बहुधा ती मागची घुंऽऽ, म्हणजे हम, तिसऱ्या टप्प्यातले. दुहेरी स्नेअर, मुका टॉम आणि हाय-हॅट पहिल्या दोन टप्प्यांतले. दोन वेगळे आजार एकाच दिवशी दिसले म्हणून एकच औषध चालणार नाही.

आता किक आणि स्नेअर कुठे गेले ते बघू. माझा अंदाज सांगतो, चुकला तर कळवा. तुम्ही मॉड्यूलच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून मिक्सरला दिली आहे, आणि त्या वायरीला दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन आहे. पिन हातात घेऊन बघा. पी-३८ म्हणतात ती जाडी, पाव इंची पिन. तिच्यावर काळ्या रंगाच्या दोन रिंगा दिसल्या तर स्टिरिओ, एकच दिसली तर मोनो. स्टिरिओ पिनचं टोक म्हणजे डावा आवाज, मधला पट्टा म्हणजे उजवा, आणि मागचा लांब भाग म्हणजे अर्थ (ग्राउंड).

मिक्सरच्या इनपुटला मात्र ही भाषा कळत नाही. त्याचं इनपुट बॅलन्स्ड असतं. त्याची समजूत अशी की टोकावर जो सिग्नल येतो तोच मधल्या पट्ट्यावर उलटा होऊन येणार. लांब वायरीत मध्येच शिरलेला कचरा दोन्हीवर सारखा असतो, म्हणून मिक्सर टोकातून पट्टा वजा करतो. कचरा कटतो आणि सिग्नल दुप्पट होऊन उरतो. छान युक्ती आहे, मायक्रोफोनची सगळी दुनिया तिच्यावर चालते. पण तुम्ही त्याला डावा आणि उजवा आवाज दिलात. त्याने इमानदारीत डाव्यातून उजवा वजा केला. किक आणि स्नेअर मॉड्यूलमध्ये अगदी मधोमध ठेवलेले असतात, म्हणजे डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे. पाचातून पाच गेले, शून्य. टॉम आणि क्रॅश थोडे डावी-उजवीकडे सरकवलेले असतात, त्यामुळे त्यांची बाकी उरते. तीच पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येते.

खात्री करायची असेल तर मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्नेअरचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं सेटिंग) पूर्ण डावीकडे करा. गेलेला स्नेअर स्पीकरवर लगेच धडधडीत परत येईल. तसा तो आला, तर दुकानदाराचं 'नवं मॉड्यूल' तिथेच संपलं. पॅन परत मधे आणायला विसरू नका.

उपाय स्वस्त आहे. मॉड्यूलच्या मागे हेडफोनशिवाय वेगळं आउटपुट असतं का बघा. बहुतेकांना दोन भोकं असतात, एकावर 'एल/मोनो' आणि दुसऱ्यावर 'आर' लिहिलेलं. क्लबहाउसचे दोन्ही स्पीकर एकच आवाज देत असतील तर 'एल/मोनो'मधून साधी मोनो पी-३८ वायर मिक्सरला द्या, संपलं. 'आर'मध्ये काही खुपसलेलं नसलं की मॉड्यूल आपणहून दोन्ही बाजू एकत्र करून 'एल'वर देतं. मॉड्यूलला फक्त हेडफोनचंच भोक असेल, तर एका बाजूला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पिना अशी वाय केबल लागेल. तपकीर गल्लीत किंवा पसोड्या विठोबाजवळच्या दुकानात 'स्टिरिओ टू टू मोनो, पी-३८' म्हटलं की काउंटरवरचा पोरगा न बघता काढून देतो. मिक्सरचे दोन चॅनेल घ्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

एक चूक मात्र करू नका. 'मोनो वायर लावा' एवढंच ऐकून हेडफोनच्या भोकात मोनो पिन घालू नका. तिचा लांब धातू मधल्या पट्ट्याच्या जागी टेकतो आणि उजवा आवाज थेट अर्थला शॉर्ट होतो. लगेच धूर निघेल असं नाही, पण हेडफोनचा छोटा अँप्लिफायर तासभर शॉर्टवर चालवला तर खरंच मॉड्यूल बदलायची वेळ येऊ शकते.

स्पीकरबद्दल थोडक्यात. किकचा खालचा धक्का साधारण ५० ते १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो, आणि गिटारचा अँप त्या पट्टीसाठी बनवलेला नसतो. घरच्या होम थिएटरला लावायचा मोह आवरा. रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ड्रमचे फटके आधीच दाबून बसवलेले असतात, किटचे तसे नसतात. एकच जोरदार फटका छोट्या स्पीकरची कॉइल मारू शकतो. क्लबहाउसचे बारा इंची पीए (कार्यक्रमांचे मोठे) स्पीकर असतील तर ते उत्तम. मॉड्यूलचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश ठेवा आणि मग मिक्सरचा गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) वाढवत न्या. उलटं केलंत, म्हणजे मॉड्यूल हळू आणि गेन फुल्ल, तर आवाजाबरोबर सुसकाराही मोठा होतो.

आता तो हम. भारतातली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे हमही ५०चा किंवा त्याच्या पटीतला, १००चा असतो. तो कुठून येतो हे शोधायला उपकरण लागत नाही. मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकती दांडी) खाली करून वायर मॉड्यूलच्या टोकाकडून काढा आणि फेडर हळूच वर घ्या. तेव्हा पिन हवेत असल्यामुळे थोडी गुणगुण येणारच, म्हणून पिनचं टोक आणि मागचा धातू एकमेकांना टेकवा. गुणगुण थांबली तर वायर आणि मिक्सर निर्दोष. मग लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पुष्कळदा हम तिथेच जातो. याला ग्राउंड लूप म्हणतात: मिक्सर एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या, दोघांच्या अर्थमध्ये किंचित फरक, आणि तो फरक तुमच्या ऑडिओ वायरीतून वाहायला लागतो. मिक्सर, मॉड्यूल, लॅपटॉप सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतलं की बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर मॉड्यूल आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) घाला आणि त्याचं 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण दाबा.

थ्री-पिनची अर्थची पिन तोडून हम घालवणारे शूरवीर या शहरात अजून आहेत. हम जातो हे खरं. पण उद्या त्या अँपमध्ये काही बिघडलं तर करंटला जायला मुलीच्या हाताशिवाय वाट उरत नाही. मंडपात तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आहे की नाही ते तपासून घ्या, मग किट मांडा.

मंडपात आणखी एक चोर असतो: लायटिंग. मला तो एका नाट्यगृहात भेटला. साउंड चेकला हम आला, मी तासभर मॉड्यूल बदललं, वायरी बदलल्या, डीआय बदलला. शेवटी लाइटवाल्याने चहाला जाताना डिमर खाली केले आणि हम बंद! माझी ऑडिओ वायर मीच त्याच्या डिमरच्या जाड केबलबरोबर एकाच टेपने बांधली होती, व्यवस्थित दिसावं म्हणून. तेव्हापासून लाइटची आणि साउंडची वायर मी शेजारी शेजारी नेत नाही. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडतो.

तिसरा टॉम. इथे दुकानदाराने पाच मिनिटं दिली असती तर तुम्हाला लिहावं लागलं नसतं. चालू असलेल्या दुसऱ्या टॉमची पिन काढून तिसऱ्या टॉमच्या पॅडला लावा. तो पॅड आता वाजला (आवाज दुसऱ्या टॉमचा येईल, घाबरू नका), म्हणजे पॅड शाबूत आहे, दोष त्याच्या वायरीत किंवा मॉड्यूलच्या त्या इनपुटमध्ये. नाही वाजला, तर दोष पॅडमध्येच. मग उलट करा: तिसऱ्या टॉमची वायर दुसऱ्याच्या पॅडला. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या की उत्तर मिळतं पण कशाचं ते कळत नाही. कमी किमतीच्या पुष्कळ किटमध्ये सगळ्या वायरींचा एक जुडगा असतो आणि तो मॉड्यूलला २५ पिनांच्या रुंद कनेक्टरने लागतो. त्याचे दोन स्क्रू सैल असले की एखादा टॉम नाहीतर एखादा सिंबल मुका होतो. हाताने घट्ट करा, पक्कड नको.

दोष पॅडमध्ये निघाला तर तो उघडायला घाबरण्यासारखं काही नाही. जाळीचा हूप सोडवा, जाळी बाजूला ठेवा. मधोमध फोमचा शंकू दिसेल आणि त्याच्याखाली ती पितळी चकती. तिला दोन बारीक वायरी असतात: एक पितळेच्या कडेला, दुसरी पांढऱ्या सिरॅमिकवर. बहुतेक वेळा ही दुसरीच निघालेली असते. कधी कधी ती जागेवर दिसते, पण चिमट्याने हलकेच हलवली की टाका टोपीसारखा उचलला जातो. ड्राय सोल्डर. मल्टिमीटरने पिझोचा ओहममध्ये रेझिस्टन्स बघू नका. चांगला पिझोही ओपनच दाखवतो आणि तुम्ही त्याला मेलेला समजून फेकाल. मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा, वायरी दोन टोकांना लावा आणि चकतीवर बोटाने टिचकी मारा. आकडा उसळला तर पिझो जिवंत. नाही उसळला तर नवा घाला, बहुतेक पॅडमध्ये २७ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाचा असतो, पट्टीने मोजून तसाच आणा. फार महागडी वस्तू नाही. फक्त सिरॅमिकवर टाका मारताना इस्त्री (सोल्डरिंगची, कपड्यांची नव्हे) सेकंदभरच टेकवा. जास्त तापवलं तर सिरॅमिकचा गुणच जातो, मग टाका सुंदर दिसतो आणि टॉम मुकाच राहतो.

फोमचा शंकू दाबून बघा. जुन्या किटमध्ये तो पापडासारखा चपटा झालेला असतो. जाळीला तो जेमतेम टेकला पाहिजे, थोडा वर आलेला. चपटा झाला की मधोमध मारलं तर बंदुकीसारखा आवाज आणि कडेला मारलं तर काहीच नाही, असं होतं. तुमच्या दुहेरी स्नेअरचं मूळही इथे असू शकतं.

जाळी सैल असेल तर एका फटक्यानंतर ती बराच वेळ डुलत राहते, सेन्सरला वाटतं दुसरी काठी पडली. म्हणून आधी जाळी ताणा. ड्रमच्या चावीने, समोरासमोरचे स्क्रू, प्रत्येकी अर्धा फेरा. पथकातल्या कुणाला विचारा, ढोलाचं पान ताणताना एकच बाजू ओढत गेलं तर काय होतं ते. इथे ताण वाढवल्याने आवाजाची पट्टी मात्र वाढत नाही, आवाज मॉड्यूलमधून येतो. एका गिऱ्हाइकाने स्नेअर 'चढा' लागावा म्हणून जाळी पिळत पिळत फाडून आणली होती.

जाळी ताणूनही दोन वाजत असतील तर सेटिंग. ऐकताना आधी एक ठरवा: दुसरा आवाज स्नेअरचाच आहे की शेजारच्या टॉमचा? शेजारचा असेल तर त्याला क्रॉसटॉक म्हणतात, फटक्याचा हादरा रॅकच्या नळीतून पलीकडे जातो. कुठल्याही पॅडला न मारता नळीवर हाताने थापट्या मारा. पॅड बोलायला लागले तर क्लँप आवळा, आणि तरी बोलले तर त्या पॅडचा थ्रेशोल्ड थोडा वाढवा. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरा. त्याखालचा हादरा मॉड्यूल आत घेत नाही. पण तुमची मुलगी तबल्यावरून आलीय, तिचे हलके बोल सुंदर असणार. उंबरा फार वाढवलात तर तेच पहिले बाहेर राहतील. म्हणून एकेक आकडा वाढवायचा आणि तिला अगदी हळू वाजवायला सांगायचं.

दुसरा आवाज स्नेअरचाच असेल तर 'रिट्रिगर कॅन्सल' किंवा 'मास्क टाइम' नावाचं सेटिंग शोधा. फटका पडल्यावर इतके मिलिसेकंद कान बंद ठेव, असं ते मॉड्यूलला सांगतं. थोडं हिशेबाने. १२० च्या लयीत एका मात्रेत आठ वाजवले तर दोन काठ्यांत ६२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, आणि फ्लॅम वाजवताना तर दोन्ही हात जवळजवळ एकत्रच पडतात. दहा-बारापासून सुरुवात करा. तीस-चाळीसवर नेलंत तर दुहेरी आवाज जाईल, पण तिचा फ्लॅमही जाईल, आणि ती स्वतःच्या हाताला दोष देत बसेल.

किक दोनदा वाजत असेल तर सेटिंगच्या आधी पाय बघा. बीटर (पेडलची हातोडी) पॅडवर आदळून तिथेच अर्धवट रेंगाळला की उसळून पुन्हा टेकतो. हे किटचं दुखणं नाही, स्प्रिंगचं आणि सवयीचं आहे.

सेन्सिटिव्हिटीही तिच्या हाताप्रमाणे लावून घ्या. ती सगळ्यात जोरात मारेल तेव्हा मॉड्यूलची पट्टी जेमतेम टोकाला पोचली पाहिजे. पावसाळ्यात नदीपात्रात ताशाचा सराव करून येणारी पोरं माझ्याकडे बसतात तेव्हा त्यांचा साधा फटकाही १२७ वर जातो. मग हळू काय, जोरात काय, प्रत्येक फटका सारखा, मशीनगनसारखा. त्यांच्यासाठी मी सेन्सिटिव्हिटी खाली आणतो. तबल्याच्या हाताला बहुधा ती थोडी वर लागेल.

हाय-हॅट. पेडलच्या वायरीची पिन बघा. बऱ्याच पेडलना स्टिरिओ वायर लागते. आधीच्या मालकाने गिटारची मोनो वायर लावली असेल तर पेडल कायम उघडं नाहीतर कायम बंद राहतं. (पॅडचंही तेच: मोनो वायरीवर डोकं वाजतं, रिम वाजत नाही, आणि सिंबल हाताने पकडून थांबवता येत नाही.) वायर बरोबर असेल तर मॉड्यूलमध्ये पेडलचं कॅलिब्रेशन किंवा ऑफसेट शोधून पुन्हा करा. किट चालू करताना पेडलवर पाय नको, काही मॉड्यूल त्या क्षणाची जागाच 'उघडी' धरतात. तरी अडलं तर पेडल उलटं करून आत बघा. काहींत रबराचा तुकडा काळ्या कार्बनच्या पट्ट्यावर दाबला जातो, आणि तिथे धूळ आणि घामाचा थर बसलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडीचा कापूस, बस. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे नको. पावसाळ्यात पिना काळ्या पडतात तेव्हाही हेच करा, नाहीतर निदान प्रत्येक पिन दहा वेळा आत-बाहेर करा. निम्मे 'लूज कॉन्टॅक्ट' तेवढ्याने जातात.

लॅपटॉपचा उशीर हा बफरचा, म्हणजे लॅपटॉप आवाज सोडण्याआधी किती साठवून धरतो त्याचा, खेळ आहे. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला बफर १०२४ असेल तर तिथेच २३ मिलिसेकंद गेले. २५६ केला तर सहाच्या आत. हवेतून आवाजाला एक मीटर यायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सहा म्हणजे स्पीकर दोन मीटरवर असल्यासारखं. ते कुणाला कळत नाही, २३ मात्र हाताला कळतात. विंडोज असेल तर असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) घाला. आणि ब्लूटूथ हेडफोन असेल तर बाकी काही करू नका, तो काढून वायरचा लावा. ब्लूटूथमध्ये शंभर मिलिसेकंदांच्या पुढचा उशीर सर्रास असतो. लॅपटॉप जोडल्यावर प्रत्येक फटका दुहेरी ऐकू आला तर स्नेअरची सेटिंग छेडू नका: एक आवाज मॉड्यूल देतंय, दुसरा लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर. मॉड्यूलमध्ये 'लोकल' बंद करा. यूएसबीच्या वायरीतून पुष्कळ किट आवाज पाठवतच नाहीत, नुसते आकडे पाठवतात: ३६ म्हणजे किक, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडी. किक मारल्यावर काउबेल वाजली तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे एवढंच.

सेकंडहँड घेतलंय म्हणून अ‍ॅडॉप्टरही बघून घ्या. व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर मॉड्यूलच्या मागणीएवढे किंवा जास्त, आणि पोलॅरिटी तंतोतंत. मॉड्यूलच्या भोकापाशी एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका आणि दोन्हीकडे अधिक-उणे. तेच चित्र अ‍ॅडॉप्टरवर हवं. काही कंपन्यांचा मध्यभाग उणे असतो, काहींचा अधिक, आणि पिन मात्र दिसायला हुबेहूब. मी एकदा घाईत गिटार पेडलचा अ‍ॅडॉप्टर एका मॉड्यूलला लावला आणि स्वतःच्या खिशातून त्याचा पॉवर सेक्शन बदलून दिला.

राहिले खालचे काका. त्यांना स्नेअर ऐकू येत नाही, पॅडची टकटकही फारशी नाही. किकच्या पेडलचा धक्का टाइल्समधून स्लॅबमध्ये जातो आणि त्यांच्या छतातून उतरतो. गालिचा किंवा योगा मॅट घालून तो थांबत नाही. १८ मिलिमीटरचे दोन प्लायवूड घ्या, खालच्या फळीत टेनिसच्या चेंडूपेक्षा जरा लहान भोकं पाडून त्यात चेंडू बसवा, साधारण वीतभर अंतराने, आणि वरची फळी चेंडूंवर नुसती ठेवा. स्क्रू मारू नका, एक स्क्रू मारला तरी धक्क्याला परत वाट मिळते. फळी भिंतीला टेकता कामा नये. वर किट आणि तिचं स्टूल, दोन्ही.

मग मुलीला किक वाजवायला सांगा आणि तुम्ही स्वतः खाली काकांच्या बेडरूममध्ये फोन घेऊन उभे राहा. तिला फोनवरच 'आता', 'थांब' सांगत चेंडू कमी-जास्त करून बघा. काका घरी असतील तर उत्तमच, तेही ऐकतील.